साहेबांच्या हस्ते

सोमवार, ११ मार्च १९७४

फळा आज पुसून नव्यानं लिहिला. एस. टी. स्टँडसमोर वडाखाली हा फळा मी उभा केला त्याला नऊ वर्षं झाली, पण इतका भरलेला कधी नव्हता. शनिवारी भजनी मंडळांची स्पर्धा, विठ्ठल मंदिरात. तंबूच्या सिनेमात पौराणिक चित्रपट, बायकांची बैठक वेगळी. खालच्या आळीत पिठाची नवी गिरणी, मिरची कांडून मिळेल. पीरसाहेबांचा उरूस, तारीख मागाहून. आणि सगळ्यांच्या वर, तांबड्या खडूनं चौकट मारून: 'गुढीपाडव्याच्या शुभमुहूर्तावर बाबासो सायकल मार्टचे उद्घाटन.'

दवाखान्यातला कंपाउंडर जोतीराम आला होता. चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक आहे, विहाराजवळ सभा आहे, एक ओळ लिहा म्हणाला. अजून महिना आहे, पण माणूस सरळ आहे म्हणून खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून दिली. तेवढ्यावरही तो आभार मानून गेला.

बायकोचं, आमच्या मीनाबाईचं, म्हणणं वेगळंच. दुकानात गिऱ्हाईक पेन्सिल मागत उभं असतं आणि मालक रस्त्यात खडूनं हात पांढरे करत असतात, असं ती शेजारणींना सांगते. तिला कोण समजावणार? वह्या-पेन्सिली कुणीही विकेल. ह्या गावात काय घडणार आहे हे चार दिवस आधी फक्त मला माहीत असतं. कोल्हापूरच्या पेपरला पाच वर्षं बातम्या पाठवतोय. दहा पाठवाव्या तेव्हा दोन येतात, त्याही चौथ्या पानावर, मलमाच्या जाहिरातीखाली. एकदा तरी तीन कॉलमी यावी, एवढीच इच्छा आहे.

संध्याकाळी बाबासो येऊन बसला. नुसतं नारळ फोडून उद्घाटन नको, पंचक्रोशी लोटली पाहिजे, असा त्याचा हट्ट. मागच्या महिन्यात मुरगूडला एक सायकलवाला येऊन गेला म्हणे, पाच दिवस सायकलवरून खाली उतरला नाही. त्यालाच आणू म्हणाला. मला पटलं. सात दिवस चालवला तर सात दिवस फळ्याला रोज नवा मजकूर.

बुधवार, १३ मार्च

सायकलवाला आला. दिलदार नाव, कोडोलीचा. बत्तीस-तेहतीस वर्षांचा असेल. वर पाहिलं तर काडी, खाली पाहिलं तर पोटऱ्या पैलवानाच्या. बरोबर बायको सलिमा. मुलगी आजीजवळ ठेवून दोघं गावोगाव हिंडतात. एस. टी.च्या टपावरून सायकल उतरवताना त्यानं कुणाला हात लावू दिला नाही.

त्याच्याजवळ एक जाड वही आहे. बावीस गावांची बावीस कात्रणं, खळीनं चिकटवलेली. वाचता त्याला जेमतेम येतं, सलिमाला अजिबात नाही, पण कुठलं कात्रण कुठल्या गावचं हे दोघं न चुकता सांगतात. तेविसाव्या पानावर त्यानं पेन्सिलीनं चौकट आखून ठेवली होती. ही तुमच्या गावची, म्हणाला. चौकट लहान होती. मी म्हटलं, मोठी आखा, मी लिहिणार आहे. तो हसला.

मग त्यानं नियम सांगितला. सात दिवस जमिनीला पाय लागायचा नाही. जेवण, दाढी, अंघोळ सगळं सायकलवर. आडोशाला कापड धरतात तेव्हासुद्धा पाय पायडलवरच. झोप आली की बायको सीटला धरून शेजारून चालते आणि तो पाच-दहा मिनिटं डोळे मिटतो. आणि शेवटी आपल्या आपण उतरायचं नाही. 'आपून हून उतरला त्यो पडला,' तो म्हणाला. 'गावच्या थोर मानसानं हार घालून हाताला धरून उतरिवला, तर जितला.'

हे मला फार आवडलं. ह्यात कार्यक्रम आहे.

गुरुवार, १४ मार्च

थोर माणूस म्हणजे साहेब. जिल्ह्यातल्या एका बड्या संस्थेचे चेअरमन आहेत, आमच्याकडे नुसतं साहेब म्हटलं की तेच. नाव मी इथंही लिहीत नाही, सवय बरी. बाबासो आणि मी त्यांच्या बंगल्यावर दोन तास बाकावर बसलो. शेवटी बाहेर आले, पाडव्याला साडेदहाला येतो म्हणाले आणि जीपमध्ये बसले. बाबासोनं परतताना मला मिसळ खायला घातली.

शनिवार, १६ मार्च

फळ्यावर सायकलीचा मजकूर मोठा करायचा म्हणून भजन स्पर्धा, गिरणी आणि जयंतीची ओळ पुसावी लागली. जोतीरामला सांगितलं, पाडव्यानंतर पुन्हा लिहितो. बरं म्हणाला.

भजन स्पर्धेची बातमी एकच्या कोल्हापूर गाडीनं कंडक्टरकडे दिली. स्पर्धा रात्री होती, पण एकची गाडी चुकली तर बातमी उद्या येत नाही, आणि परवाच्या बातमीला कुत्रं विचारत नाही. म्हणून सभा व्हायच्या आधी सभेची बातमी लिहायची, ही आमची सगळ्या गावच्या वार्ताहरांची रीतच आहे. 'श्रोत्यांनी अलोट गर्दी केली होती' हे कुठल्याही कार्यक्रमाला लागू पडतं. प्रत्यक्षात चाळीसच माणसं होती.

रविवार, १७ मार्च

सकाळी नऊला सुरू झालं. बाजाराच्या मैदानात चुन्याचं रिंगण, मधोमध खांब, खांबाला अडकवलेला हातात धरायचा कर्णा. बाबासोनं नवी कोरी सायकल दिली, पण दिलदार आपल्या जुन्या सायकलीवरच बसला. बाबासोच्या आईनं, आक्काताईंनी, ओवाळलं. मशिदीतून मौलाना येऊन पाठीवर हात ठेवून गेले. सरपंचांनी झेंडी दाखवली आणि तो निघाला, एका हातानं सगळ्यांना सलाम करत. मी कर्ण्यावरून माहिती सांगितली. माझा आवाज चांगला लागला असं तिघांनी आपण होऊन सांगितलं.

बुधवार, २० मार्च

चौथा दिवस. गाव वेडं झालंय. सकाळी बायका दही-भाकरी घेऊन येतात, एकमेकींच्या आधी देण्यावरून भांडतात. काल न्हाव्यानं शेजारी पळत पळत त्याची दाढी केली, टाळ्या पडल्या. शाळा सुटली की पोरं रिंगणाभोवती बसतात. बाबासोच्या दुकानाला अजून दार बसलेलं नाही, पण बाबासो सायकल मार्ट हे नाव खेड्याखेड्यांतून पोचलंय.

ऊन मात्र खूप आहे. यंदा होळीपासूनच तापलंय.

जोतीराम दुपारी रिंगणात जाऊन त्याच्याबरोबर दोन फेऱ्या चालला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, पाय सुजलेत, लघवी तांबडी होतीय, चौथ्या दिवशी ही गत तर सातव्याला काय? डॉक्टर आठवड्यातून एकदा गुरुवारी येतात. हा सहा दिवस गोळ्या बांधतो आणि सातव्या दिवशी स्वतःला डॉक्टर समजायला लागतो. मी म्हटलं, पाणी जास्त पाजू. त्याचं बोलणं लांबतच गेलं, तेव्हा मी कर्णा हातात घेतला.

शुक्रवार, २२ मार्च

घोटाळा झाला. साहेबांचा निरोप आला: पाडव्याला अकरा उद्घाटनं आहेत, जमणार नाही. मंगळवारी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता नक्की येतो.

बाबासो डोक्याला हात लावून बसला. मीच म्हटलं, एवढं काय? रविवारऐवजी मंगळवार. उलट बाजाराला पाच हजार माणूस असतो. सात दिवस तर मुरगूडनंही केले असते, आपल्याकडं नऊ. बाबासो म्हणाला, रविवारी सरपंचांकडून उतरवू आणि मंगळवारी साहेबांकडून नुसता सत्कार करू. पण उतरलेल्या माणसाच्या सत्काराला साहेब कशाला येतील? आणि आले तरी त्यात बातमी काय राहिली?

दोघं मिळून दिलदारकडे गेलो. रिंगणात त्याच्या बाजूनं चालत मी सगळं सांगितलं. तो एक फेरी तसाच पायडल मारत राहिला, मला वाटलं ऐकूच आलं नाही. मग म्हणाला, आजवर बावीस गावांत सरपंचांनी, मास्तरांनी, फार तर फौजदारांनी उतरवलं. साहेबांसारख्यानं कधी नाही. त्यांच्या हातून उतरायचं असेल तर दोन दिवसांचं काय? सलिमा मागून चालत होती. ती मध्येच म्हणाली, 'सातची बोली हुती. सातच करायचं.' त्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही.

मी जबरदस्ती केलेली नाही. नुसतं विचारलं. इथं तसं लिहून ठेवतो.

रविवार, २४ मार्च. गुढीपाडवा.

दुकानाचं उद्घाटन सरपंचांच्या हस्ते उरकलं. गर्दी होती, पण माणसं नारळ फुटताच रिंगणाकडे गेली. बाबासोनं नव्या सायकलींना हार घातले होते, ते दुपारपर्यंत वाळले.

फळ्यावर सबंध मजकूर एकच लिहिला: 'सात नव्हे, नऊ दिवस! मंगळवारी सायंकाळी ठीक पाच वाजता साहेबांच्या हस्ते दिलदार यांना सन्मानपूर्वक खाली उतरविण्यात येईल.' कडेला सायकलीचं चित्र काढलं. चाकं जरा वाकडी आली.

घरी पुरणपोळी होती. मीनाबाईनं एक डबा रिंगणाकडे नेला. डबा जवळजवळ तसाच परत आला. विचारलं तर म्हणाली, 'त्यो घास तोंडात धरून बसतोय. गिळायचं इसरतोय त्यो.' सणाच्या दिवशी असं बोलू नये.

सोमवार, २५ मार्च

आज दिलदारनं मला अब्बा म्हणून हाक मारली. लोक हसले. मग खांबाला उद्देशून काहीतरी बोलला, शेत, पाणी, दार लाव, असं. फेऱ्या लहान झाल्यात, चुन्याची रेघ सोडून आतून फिरतो. सलिमा आता सारखीच सीटला धरून चालते. तिचे स्वतःचे पाय फुटलेत.

जोतीराम पुन्हा आला. ह्या वेळी सगळ्यांसमोर बोलला, हा उद्याची संध्याकाळ बघणार नाही म्हणून. तोंडाला ताळतंत्र नाही. शुभकार्यात असं अभद्र बोलायचं? लोकांनीच त्याला बाजूला नेलं.

मलाही रिंगणाकडे बघताना कसंतरी झालं, हे खोटं का बोलू? पण उद्या पाचपर्यंतचाच प्रश्न आहे. सात दिवस चालवलं, आठवा गेला, आता शेपूट राहिलं.

मंगळवार, २६ मार्च. दुपार.

बातमी गेली. सकाळभर दुकानात बसून लिहिली, तीनदा फाडली. 'अखंड नऊ दिवस सायकल चालवून दिलदार यांनी जिल्ह्यात विक्रम प्रस्थापित केला. साहेबांच्या हस्ते त्यांना पुष्पहार घालून सुखरूप खाली उतरविण्यात आले, त्या वेळी हजारोंच्या जनसमुदायाने टाळ्यांचा कडकडाट केला.' पूर्ण दीड पान. एकच्या गाडीच्या कंडक्टरला चहा पाजला आणि पाकीट हातात दिलं. साहेबांचं नाव आहे म्हणजे चौथ्या पानावर टाकायची कुणाची छाती नाही.

दोनला सलिमा दुकानात आली. इतक्या दिवसांत ती रिंगण सोडून कुठंच गेली नव्हती, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. सीट बाबासोला धरायला लावून आली होती. पायरीवरच उभी राहिली. म्हणाली, 'आता उतरवा त्यास्नी. कुनीबी उतरवा. तुमी उतरवा.'

मी तिला समजावलं. हारतुरे आलेत, साहेब निघालेत, तीन तासांचा खेळ आहे, आत्ता उतरला तर नऊ दिवस मातीत जातील आणि त्यालाच आयुष्यभर रुखरुख लागेल. पाच वाजू देत, म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि गेली. मीनाबाई आतून ऐकत होती. ती आता माझ्याशी बोलत नाही.

तिला पाकिटाचं सांगून काय उपयोग होता? गाडी एव्हाना कागलच्या पुढं गेली असेल.

आता मैदानात जायला हवं. कर्णा माझ्याकडे आहे.

बुधवार, २७ मार्च

काल काही लिहिता आलं नाही. आज जसं झालं तसं लिहितो.

मी साडेतीनला मैदानात पोचलो. बाजार सगळा रिंगणाभोवती लोटला होता, भाजीवाल्या पाट्या सोडून आल्या होत्या. दिलदार चालवत नव्हता म्हटलं तरी चालेल. सायकल बाबासो आणि सलिमा ढकलत होते आणि त्याचे पाय पायडलबरोबर फिरत होते. जोतीराम रेघ ओलांडून सरळ आत आला आणि त्यानं दिलदारच्या कमरेला हात घातला, उतरवायला. चौघांनी त्याला धरून मागं ओढलं. एकजण म्हणाला, 'तू कोन रं उतरिवनार? मान सायबांचा हाय.' ते बोलणं मला लागलं, पण खोटं नव्हतं. साहेब यायचे आणि कंपाउंडरानं आधीच उतरवलेला, म्हणजे गावाची शोभाच. मी कर्ण्यावरून शांततेचं आवाहन केलं. जोतीराम बाहेर जाऊन उभा राहिला.

साडेचार वाजून गेले असतील. दिलदार एकदम डावीकडे कलला. आख्ख्या मैदानातून एक आवाज निघाला. आणि कुणीतरी ओरडलं, 'पाय टेकू दिऊ नका, पाय टेकू दिऊ नका.' कर्ण्यावरून आलं, म्हणजे मीच असणार.

बाबासोनं एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं न्हाव्यानं. मी कर्णा टाकून मागून सीटला आणि कमरेला धरलं. सलिमाला बायकांनी बाजूला घेतलं. त्याची मान पुढं हँडलवर पडली होती. झोप लागली, बाबासो म्हणाला. मलाही तेच वाटलं. नऊ दिवसांची झोप, लागणारच. पाय पायडलवरून सुटून लोंबत होते, ते न्हाव्यानं धोतराच्या चिंधीनं पायडलला बांधले. आम्ही ढकलत राहिलो. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. सहा, सात फेऱ्या झाल्या असतील. एकदा मी त्याच्या कानात म्हटलं, जीप दिसतीय बघा. प्रत्यक्षात दिसत नव्हती.

साहेब साडेपाचला आले. हार घातला. फोटोवाल्यानं दोनदा फोटो काढला. मग साहेबांनी त्याचा हात हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा बदलला. हात सोडून ते एक पाऊल मागं सरले. पण रीत पुरी व्हायला हवी म्हणून बाबासोनं तो हात पुन्हा त्यांच्या हातात दिला, चिंध्या सोडल्या, आणि आम्ही तिघांनी त्याला खाली घेतलं. पाय जमिनीला लागले. टाळ्या खूप वेळ चालू होत्या, मागच्यांना काही कळलं नव्हतं.

जोतीराम आला, मांडी घालून खाली बसला, नाडी बघितली, डोळे बघितले. मग हार काढून बाजूला ठेवला. 'अर्धा तास झाला की हो ह्येला जाऊन,' म्हणाला. कुणाला उद्देशून नाही, सहज सांगावं तसं.

अर्धा तास हे त्याचं म्हणणं. मी कमरेला धरलं होतं, अंग गरम होतं. उन्हात उभ्या केलेल्या माणसाचं अंग गरमच असतं, असं तो म्हणतो. डॉक्टर तर तो नाही.

साहेबांच्या जीपनं नेतील असं वाटलं होतं, पण त्यांना पुढं कार्यक्रम होता. बाबासोनं ट्रक केला. सलिमा मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रडली नाही. आज सकाळी कोडोलीला माती झाली. गावातून ट्रकभर माणसं गेली. मी गेलो नाही.

दहाच्या गाडीनं पेपर आले. पहिल्या पानावर, तीन कॉलमी. एक शब्द कापलेला नाही. खाली 'आमच्या वार्ताहराकडून'.

शुक्रवार, २९ मार्च

पेपरच्या ऑफिसातून पोस्टकार्ड. 'मजकूर वेळेवर पोचला. असाच तत्परतेने पाठवत जावे.'

खरी बातमी पाठवायला मी दोनदा बसलो. पण तारखेला काय लिहायचं? मंगळवारीच मेला म्हटलं तर मंगळवारी सुखरूप उतरवला कुणी? आणि साहेबांनी मेलेल्या माणसाला हार घातला, हे कोण छापणार? शेवटी चार ओळी लिहिल्या, दिलदार यांचे अल्पशा आजाराने निधन. ती बातमी छापून आली नाही.

जोतीराम भेटला. मी म्हटलं, जयंतीची ओळ आता लिहितो, मोठ्या अक्षरात लिहितो. 'नगं,' म्हणाला. 'आमी आमचा फळा क्येलाय.'

मंगळवार, २ एप्रिल

बाजार. चुन्याचं रिंगण अजून दिसतंय. भाजीवाल्या त्याच्या आत बसत नाहीत. बाबासोकडे आज एक सायकल खपली नाही. माझ्यावरच चिडला, तुमच्या नऊ दिवसांच्या नादानं माझ्या दुकानाला सुतक लागलं म्हणाला. माझ्या नादानं! घरी येऊन ताट सारलं.

रविवार, ११ ऑगस्ट

चार महिने वहीला हात लावला नव्हता. लिहिण्यासारखं काही नव्हतं. फळा पावसाआधीच आत आणून भिंतीला लावून ठेवलाय.

आज दोन वाजता दुकानाच्या पायरीवर सलिमा उभी होती. भिजलेली, काखेत पदराखाली झाकलेली वही. इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं घरात बसायचे दिवस, संपली म्हणून आता बाहेर पडले, नाहीतर आधीच आले असते, म्हणाली. मीनाबाईनं तिला आत घेतलं, टॉवेल दिला, चहा टाकला.

तिला कात्रण हवं होतं. 'त्येंनी पान सोडून ठेवलंय,' म्हणाली.

माझ्या फायलीत मी ते चिकटवून ठेवलं होतं. पाण्याचा हात लावून हळूहळू सोडवलं. एका कोपऱ्याला जरा फाटलं. तिच्या हातात दिलं तर तिनं ते उलटंसुलटं पाहून परत माझ्याकडे दिलं. 'वाचा.'

मी वाचलं. 'अखंड नऊ दिवस' वाचलं, 'विक्रम' वाचलं. 'सुखरूप' जवळ आलं तेव्हा तो शब्द गाळावा असं मनात आलं. तिला काय कळणार होतं? पण मीनाबाई दारात उभी होती, तिला वाचता येतं. सगळं वाचलं, टाळ्यांच्या कडकडाटापर्यंत.

सलिमानं कात्रणाच्या फाटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, 'ह्ये कवा लिवलंसा?'

'मंगळवारी.'

'मंगळवारी कवा?'

पाऊस जोरात होता. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. मी म्हटलं, 'सकाळी. एकच्या गाडीनं धाडलं.'

'मी दोनला आलते,' ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

ती ओरडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल असं वाटलं. मी तयार होतो, खरं तर वाटच बघत होतो. तिनं वही उघडून तेविसावं पान पुढं केलं आणि खळ आहे का विचारलं. आखलेली चौकट लहान होती, तीन कॉलम त्यात मावेनात. मोठी आखा, असं मीच सांगितलं होतं, पण ते राहूनच गेलेलं. कडा दुमडून मी कात्रण बसवलं. दुमडताना शेवटची ओळ आत गेली, 'आमच्या वार्ताहराकडून' ही.

तिनं वही मिटली, मांडीवर घेतली आणि चिकटेपर्यंत वर दोन्ही हात दाबून बसली. चहा निवून गेला. मी म्हटलं, तीनची गाडी आहे, चारचीही आहे. तिनं मान हलवली नाही. मला आत जाता येईना आणि बाहेरही जाता येईना, मी गल्ल्यापाशी उभा राहिलो. गिऱ्हाईक कुणी आलं नाही.

पाच वाजले तेव्हा ती उठली.